‘टक्केवारी खाल्ली’ असं ग्रुपवर लिहिलं आणि नोटीस आली: घटनेचं संरक्षण कुठपर्यंत?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका सोसायटीत राहणाऱ्या गृहस्थांनी, समोरचा रस्ता तिसऱ्यांदा खोदला गेल्यावर, प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: “या कामात अभियंत्याने आणि ठेकेदाराने टक्केवारी खाल्ली आहे. दोघेही चोर.” खाली खड्ड्यांचे चार फोटो. आठवड्याभरात ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस आली, सात दिवसांत जाहीर माफी मागा नाहीतर पन्नास लाखांचा दावा आणि वर फौजदारी. त्याच सुमारास पोलीस चौकीतून फोन आला, “जरा येऊन जबाब देऊन जा.” त्यांचं म्हणणं, घटनेने भाषणस्वातंत्र्य दिलंय ना, मग हे कसं चालतं, आणि आता करायचं काय?

आधी एक गाठ सोडवू. चौकीचा फोन हा सरकार आणि तुम्ही यांच्यातला मामला आहे, नोटीस हा ठेकेदार आणि तुम्ही यांच्यातला. घटनेचं हत्यार पहिल्या ठिकाणी चांगलंच धारदार आहे. दुसऱ्या ठिकाणी ते तुमच्या हातात थेट येत नाही, तिथे अब्रुनुकसानीच्या कायद्यातले अपवाद कामाला येतात. लोक दोन्हीची भेळ करतात आणि नोटिशीला ‘आम्हाला अनुच्छेद १९ आहे’ एवढंच उत्तर पाठवतात. त्याने समोरचा वकील फक्त सुखावतो.

अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो. नागरिकाला, हे लक्षात ठेवा. परदेशी माणसाला हा हक्क नाही. मर्यादा १९(२) मध्ये आहेत आणि त्या मोजून आठ: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. सुव्यवस्था, परराष्ट्र संबंध आणि चिथावणी हे तीन आधार १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले, पण त्याच दुरुस्तीने निर्बंधांच्या आधी ‘वाजवी’ हा शब्दही आणला, आणि पुढची पंचाहत्तर वर्षं नागरिकांच्या बाजूने सगळ्यात जास्त लढला तो हाच शब्द. सार्वभौमत्वाचा आधार १९६३ मध्ये जोडला गेला. जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाने कौशल किशोर प्रकरणात स्पष्ट सांगितलं की ही यादी पूर्ण आहे, तिच्यात न्यायालयालाही नववा आधार घालता येणार नाही.

म्हणून कुणीही तोंड बंद करायला आलं की विचारायचे प्रश्न दोनच. कायदा कोणता? आणि आठांपैकी आधार कोणता? ‘वरून तोंडी आदेश आहेत’ हा कायदा नव्हे. ‘शहराची बदनामी होते’, ‘लोकांच्या भावना दुखावतात’, ‘विकासात अडथळा येतो’ हे आठांत कुठेच नाहीत.

याचं सर्वांत चोख उदाहरण पुण्याचंच आहे. १९६० साली केंद्र सरकारने एक आदेश काढला: दैनिकाने किती पानं द्यायची ते त्याच्या किमतीवर ठरेल. पानं वाढवायची तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पानं कमी करा. हेतू सांगायला गोंडस होता, मोठ्या पत्रांनी छोट्यांना गिळू नये. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर १९६१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठातर्फे न्या. मुधोळकरांनी निकाल लिहिला आणि आदेश रद्द झाला. तर्क असा: किंमत वाढली की खप घटतो, पानं घटली की मजकूर घटतो, दोन्हीकडून घाव अभिव्यक्तीवरच. धंद्यावर निर्बंध घालायला सरकारला १९(६) खाली ‘सर्वसाधारण जनहित’ हा आधार मिळतो, भाषणावर घालायला तो १९(२) मध्ये नाहीच. एक हक्क मुरगाळून दुसऱ्याच्या दाराने आत येता येत नाही. तुमच्या ग्रुपवरच्या खड्ड्यांच्या फोटोंना ‘जनहितासाठी काढून टाका’ असं कुणी म्हणालं, तर उत्तर या निकालात तयार आहे.

पण तुमच्या मजकुरात फोटोंपुढेही काही आहे.

अब्रुनुकसानी हा आठांपैकी एक आधार आहे, म्हणजे कायदा वैध आहे. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानी कायम ठेवली, आणि आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. वाक्य सुटं करून बघू. “रस्ता तीनदा खोदला” ही वस्तुस्थिती आहे, सिद्ध होते. “काम भिकार आहे” हे मत आहे. मत कडवट असू शकतं, चुकीचंही असू शकतं, ते ठेवायचा तुम्हाला अधिकार आहे. “टक्केवारी खाल्ली” हा मात्र लाच घेतल्याचा आरोप आहे, म्हणजे वस्तुस्थितीचं विधान, आणि ते तुम्हाला सिद्ध करता आलं पाहिजे. “चोर” हा शब्द एकटा असता तर संतापाचा उद्गार म्हणून कदाचित निभावला असता. टक्केवारीच्या लगेच मागे आल्यामुळे तो त्या आरोपाचं शेपूट झाला. तुमची अडचण साडेतीन शब्दांत आहे, बाकी सगळा मजकूर शाबूत आहे.

कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत. पहिला, सत्य. इथे बहुतेक जण फसतात: फौजदारीत नुसतं सत्य पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. दिवाणी दाव्यात सत्य एकटंच पूर्ण बचाव ठरतं. दुसरा अपवाद, लोकसेवकाच्या कामावर सद्‌भावनेने व्यक्त केलेलं मत. तिसरा, सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित कुणाच्याही वर्तनावरचं मत. ठेकेदार यात बसतो. आठवा, योग्य अधिकाऱ्याकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार. म्हणजे हाच मजकूर तुम्ही महापालिका आयुक्तांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला लिहून दिला असता, तर तुमचं संरक्षण कितीतरी भक्कम असतं. तीच ओळ साडेतीनशे जणांच्या ग्रुपवर गेली की आठवा अपवाद हातातून जातो. आणि ‘सद्‌भावना’ म्हणजे मनात पाप नव्हतं एवढं नव्हे, लिहिण्यापूर्वी पुरेशी काळजी घेतली होती का, हे न्यायालय पाहतं.

अभियंत्याची बाजू ठेकेदारापेक्षा कमजोर आहे, हेही माहीत असू द्या. राजगोपाल प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लोकसेवकाच्या सरकारी कामाबद्दल लिहिलेल्या मजकुरावर नुकसानभरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा होता आणि खऱ्याखोट्याची बेफिकिरी करून लिहिला होता, हे त्याने दाखवावं लागेल. आणि सरकार किंवा महापालिका ही संस्था म्हणून अब्रुनुकसानीच्या भरपाईचा दावा लावूच शकत नाही. ‘महापालिका झोपली आहे’ असं रोज सकाळी लिहिलंत तरी तिला दावा लावता येत नाही.

आता चौकीचा फोन. अब्रुनुकसानी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, आणि स्वामी निकालात तर न्यायालयाने सांगितलंय की अब्रुनुकसानीत पोलिसांची भूमिका नाही, दुखावलेल्या माणसाने स्वतः न्यायालयात खासगी तक्रार करायची. ठाण्यात फार तर एन.सी., म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंद, होते. तेव्हा फोनवर शांतपणे तीन गोष्टी विचारा: तक्रार कुणाची, कलम कोणतं, दखलपात्र की अदखलपात्र. भांडू नका, वेळ, अधिकाऱ्याचं नाव आणि पद लिहून ठेवा, आणि म्हणा, “लेखी नोटीस द्या, मी हजर होतो.”

लेखी येणारा कागद कोणता, यावर पुढचं सगळं ठरतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १६८ ची नोटीस असेल (जुनी ‘१४९ ची’, ठाण्यात अजून त्याच नावाने चालते), तर ती प्रतिबंधात्मक समज असते, तो गुन्हा नव्हे. तिच्या पोचेवर सही करा, पण खाली “मजकूर मान्य नाही” असं लिहा. कलम ३५(३) ची असेल तर दखलपात्र गुन्हा दाखल झालेला आहे आणि तुम्हाला अटक न करता बोलावलंय. तिला हजर राहायचंच. हजर राहिलात तर लेखी कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावलं आहे. पण व्हॉट्सॲपवर आली तर डोळेझाक करू नका. वकिलामार्फत लेखी कळवा की रीतसर नोटीस द्या, सहकार्य करतो. गैरहजेरीचा शिक्का बसू देऊ नये. साक्षीदार म्हणून कलम १७९ खाली बोलावलं असेल, तर महिला, साठीपुढचे पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात यावं लागत नाही, जबाब घरी घ्यावा लागतो. पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते. सहीला हट्ट झाला तर नम्रपणे नकार द्या.

इतकं सविस्तर सांगायचं कारण, अब्रुनुकसानीत दात नाहीत हे तक्रारदारालाही ठाऊक असतं. मग तक्रारीत दखलपात्र कलमं चिकटवली जातात. सगळ्यात आवडतं न्याय संहितेचं कलम १९६, पूर्वीचं १५३-अ, गटांमध्ये वैर वाढवणं: तीन वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. त्याच्या जोडीला २९९, म्हणजे जुनं २९५-अ, धार्मिक भावना दुखावणं. पोस्टमध्ये ठेकेदाराचं आडनाव आलं आणि कुणीतरी त्यावरून जात काढली, की प्रकरण फिरतं. एखाद्या बाईबद्दल अश्लील सूचक लिहिलं तर कलम ७९ वेगळंच, आणि तिथे घटनेचा आधार शोधू नये.

कलम १९६ ची उंची कुठे आहे, हेही पुण्यानेच ठरवून दिलं. जानेवारी २००४ मध्ये शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, डेक्कन पोलीस ठाण्यात १५३-अ चा गुन्हा नोंदला गेला, सरकारने पुस्तक जप्त करण्याची अधिसूचना काढली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला: दोन गटांत वैर पेरण्याचा हेतू दिसला पाहिजे, मजकूर संपूर्ण वाचला पाहिजे, सुटा उतारा काढून चालणार नाही, आणि मोजमाप धीट, समंजस माणसाच्या मनाचं, प्रत्येक शब्दात संकट पाहणाऱ्याचं नव्हे. अधिसूचनाही उच्च न्यायालयात टिकली नाही आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. कोणत्या गटांत वैर निर्माण होतंय हेच तिच्यात नव्हतं. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा याच कसोटीवर रद्द झाला आणि अनुच्छेद १९(१)(क) म्हणजे काय हे पोलिसांना शिकवण्याची वेळ आली आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आडनावाचा उल्लेख म्हणजे गटांतलं वैर नव्हे.

या कलमात अडकवलं गेलंच तर सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२५ चा इम्रान प्रतापगढी निकाल सोबत ठेवा. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, एफआयआर नोंदण्यापूर्वी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे. भाषणाच्या प्रकरणांत ती सोय वापरावी, असं न्यायालय म्हणतं. ठाण्यात देण्याच्या निवेदनात हे कलम क्रमांकासह लिहा. शिवाय १९६ किंवा २९९ मध्ये सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही (कलम २१७). आरोपपत्रासोबत मंजुरी आहे का, हे पाहायला पुष्कळ वकीलही विसरतात. अटकेची भीती खरी असेल तर शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन, आणि गुन्हा रद्द करायचा तर कलम ५२८ खाली मुंबई उच्च न्यायालय. कोल्हापूरचं नवं सर्किट बेंच पुणे जिल्ह्यासाठी नाही.

ठेकेदाराच्या नोटिशीकडे वळू. सात दिवसांची मुदत त्याच्या वकिलाने ठरवलेली आहे, कायद्याने नव्हे. उत्तर मात्र द्या, गप्प बसणं पुढे तुमच्यावर उलटवलं जातं. उत्तरात तीन भाग असू द्या: वस्तुस्थितीची विधानं कोणती आणि त्यांचा पुरावा काय, मत कोणतं, आणि विषय सार्वजनिक पैशाचा आहे. टक्केवारीच्या ओळीचा पुरावा नसेल तर ती मागे घ्या, तेवढीच. “अमुक विधानाला आधार देणारी कागदपत्रं आज माझ्याकडे नसल्याने ते मागे घेतो, कामाच्या दर्जाबद्दलच्या मतावर ठाम आहे.” हे तुम्ही त्याच ग्रुपवर टाका. सरसकट माफीनामा देऊ नका, तो दाव्यात कबुली म्हणून जोडला जातो.

पन्नास लाखांनी घाबरू नका. मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे नोटिशीतले पन्नास लाख दाव्यात येईपर्यंत बरेच आटतात. लेखी अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष आहे, फौजदारी तक्रारीची तीन वर्षं. खरी भीती एकतर्फी मनाई हुकमाची: तुम्हाला न ऐकता ‘यापुढे काही लिहू नये’ असा आदेश. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा आगाऊ अर्ज, दाखल करा आणि त्याची प्रत ठेकेदाराला पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवा. ती नव्वद दिवस चालते, मग पुन्हा करावी लागते. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय की खटला चालण्याआधी लेखनावर मनाई अपवादानेच द्यावी. फौजदारी तक्रार झालीच तर दंडाधिकाऱ्यांनी दखल घेण्यापूर्वी आरोपीला ऐकावं लागतं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मध्ये नव्याने आलं. ही संधी वाया घालवू नका, पुष्कळ कच्च्या तक्रारी तिथेच थांबू शकतात.

तोवर कागद जमवा. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कावर, दीडशे शब्दांत, एकाच विषयाचा अर्ज पथ विभागाकडे करा: कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अदा केलेली बिलं, खोदाईची परवानगी आणि दोष दायित्व कालावधी (ज्या काळात कामातले दोष ठेकेदारानेच स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात तो). शेवटचा शब्द महत्त्वाचा. तो कालावधी चालू असताना दुरुस्तीचं वेगळं बिल निघालं असेल, तर तुम्हाला ‘टक्केवारी’ लिहायची गरजच नाही. “दोष दायित्व कालावधी संपलेला नसताना हे बिल का निघालं?” एवढा प्रश्न पुरतो. तो तुम्ही फलकावर लावलात तरी चालेल, आणि चोर म्हणण्यापेक्षा जास्त झोंबतो. पुणेरी पाटीचं सगळं बळ हेच आहे, नाव न घेता नेमकं बोट ठेवायचं. बाकी पाटी स्वतःच्या भिंतीवर असू द्या. रस्त्यावर परवानगीशिवाय फ्लेक्स लावलात तर महापालिकेचा आकाशचिन्ह (जाहिरात फलक) विभाग तो काढेल आणि तेव्हा अनुच्छेद १९ चा मुद्दा चालणार नाही. जागा, वेळ, आवाज यांचं नियमन वेगळं आणि मजकुरावरची बंदी वेगळी. रात्री दहानंतर स्पीकर बंद करायला लावणं पहिल्यात मोडतं.

दोन उपप्रश्नही आले होते. ग्रुपच्या ॲडमिनवर गुन्हा होतो का? नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की दुसऱ्याच्या मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही. पण ‘आलेला मेसेज पुढे पाठवला’ म्हणणाऱ्याला तशी सूट नाही. पुढे पाठवणं ही नवी प्रसिद्धीच. आणि ॲडमिनने तुम्हाला ग्रुपमधून काढलं, तर घटनेचा भंग झाला म्हणून उच्च न्यायालय गाठू नका. तुम्ही स्वतः सरकारी नोकरीत असाल तर मात्र हे उत्तर तुमच्यासाठी अपुरं आहे, कारण सरकारी धोरणावर जाहीर टीका करण्यावर १९७९ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांची बंधनं आहेत आणि तिथे फौजदारीआधी विभागीय चौकशी येते.

फोनबद्दल शेवटचं. घाबरून चॅट पुसू नका. पुरावा म्हणून मागितला जाऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणजे नसलेलं लचांड आपणच ओढवून घ्यायचं. आधी संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, नुसता स्क्रीनशॉट नको, कारण आधीचं-नंतरचं संभाषणच तुमची सद्‌भावना दाखवतं. फोटोंच्या मूळ फाइल ठेवा, व्हॉट्सॲपवरून परत उतरवलेल्या नव्हेत. मुळात तारीख आणि वेळ असते, पाठवताना ती गळते. न्यायालयात द्यायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग असतात: अ भाग तुम्ही भरायचा, ब भाग तज्ज्ञाने, दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा. पोलीस फोन ताब्यात घेत असतील तर पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक आहे का ते पाहा, जप्तीचं चित्रीकरण झालं का ते विचारा (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५), आणि पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.